जपानी आकडे : दहा शब्द सोपे, चार शून्यं अवघड

शंभरपर्यंत मोजायला मराठीत जवळजवळ शंभर शब्द पाठ करावे लागतात, जपानीत नव्व्याण्णवपर्यंत दहा पुरतात: इची, नी, सान, योन, गो, रोकु, नाना, हाची, क्यू, जू. पुढे नुसती जोडणी. ४७ म्हणजे योन-जू-नाना, चार-दहा-सात. आपण सत्तेचाळीस म्हणताना सात आधी घेतो, तिथे चाळीस आधी येतात. त्यामुळे घाईत लिहिताना ४७ चे ७४ होतात. कानावर पडेल तसा डावीकडून एकेक अंक लिहीत जा.

चार, सात आणि नऊ यांची दोन-दोन रूपं आहेत: योन/शी, नाना/शिची, क्यू/कु. ‘शी’चा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा, ‘कु’चा यातनेच्या. फोन नंबर सांगताना योन, नाना, क्यू वापरा. शिची आणि इची ऐकताना एकसारखे वाटतात. घड्याळात मात्र योजी, शिचीजी, कुजी हेच ठरलेलं आहे, आणि एप्रिल म्हणजे शिगात्सु. इथे तर्क चालत नाही, पाठच करावं लागतं.

खरी अडचण दहा हजारांपासून. आपल्याकडे हजारानंतर लाख, तिथे दहा हजारांचा ‘मान’. एक लाख म्हणजे जू-मान, दहा लाख ह्याकु-मान, एक कोटी इस्सेन-मान आणि दहा कोटी इची-ओकु. स्वल्पविराम मात्र इंग्रजीसारखे तीन-तीन अंकांवर छापतात, तेव्हा त्यांच्याकडे बघूच नका. उजवीकडून चार अंक बोटाने झाका. २५३,८०० येनमध्ये डावीकडे २५ उरतात: निजूगो-मान, मग सान्झेन हाप्प्याकु. मनात ‘अडीच लाख’ करून मग जपानीत नेलं की एक शून्य हमखास हरवतं. हजाराला नुसतं ‘सेन’ चालतं, पण दहा हजारांना ‘इची-मान’च म्हणायचं.

हाप्प्याकु म्हणजे हाची (आठ) आणि ह्याकु (शंभर), त्यातला ‘प्प’ मनमानी नाही. १, ६, ८, १० हे शब्द चिनीतून आले तेव्हा त्यांच्या शेवटी क, त, प यांसारखं अडलेलं व्यंजन होतं, आणि जपानी ‘ह’ पूर्वी ‘प’ होता. जपानीत मोजताना आकड्याला वस्तूप्रमाणे प्रत्यय लागतो, लांब वस्तूंना ‘होन’. म्हणून पेन्सिली, बाटल्या, छत्र्या मोजताना इप्पोन, रोप्पोन, हाप्पोन, जुप्पोन, तिनाला साम्बोन, बाकी नीहोन, योनहोन, गोहोन. गप्पा, टप्पा म्हणणाऱ्या जिभेला हे जड नाही. माणसं मोजताना हितोरी, फुतारी, मग सान्निन, योनिन. सपाट वस्तूंचा ‘माइ’ सगळ्यात सोपा, काहीच बदलत नाही. सुरुवात त्यापासून करा.

साडेचार म्हणजे योजी हान, पण दीड आणि अडीचला वेगळा शब्द नाही: इचीजी हान, नीजी हान. पावणेपाचला गोजी जूगोफुन माए, म्हणजे पाचला पंधरा मिनिटं कमी.

तारखांमध्ये योक्का (४) आणि योऊका (८) यांचा गोंधळ सर्वाधिक. योक्कात ‘क्क’पाशी क्षणभर थांबा, योऊकात ‘यो’ लांबवा. पुण्या-मुंबईत एन-फाइव्ह (जपानी भाषेच्या परीक्षेची सर्वांत सोपी पातळी) देणाऱ्यांनी हे दोन उच्चार आधी पक्के करावेत, कारण श्रवणाच्या भागात ध्वनिफीत एकदाच वाजते.