काठी कुठे मोडते ते पाहून काठी घ्या

गोव्यात बेतीला आमच्या घराच्या बाल्कांवात (ओसरीवर) एक लांब टेबल आहे. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात आणि मांडवीचं पाणी गढूळ होतं, तेव्हा या टेबलावर मासे पकडायच्या मोडलेल्या काठ्या येऊन पडतात. गाइड (दोर ज्यांतून जातो त्या कड्या) बदलणं, तुटलेल्या जागी नवीन टोक बसवणं, दोरा गुंडाळून वर इपॉक्सी चढवणं, ही माझी पावसाळ्यातली कामं. इतक्या काठ्या हाताखालून गेल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली. घेताना माणूस डोळ्यांसमोर सगळ्यात मोठा मासा ठेवतो. ठेवायला हवा तो रोजचा ल्युअर (खोटं आमिष) आणि आपण उभे राहतो ती होडी.

म्हणून दुकानात जायच्या आधी ल्युअरचा डबा उघडा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक ल्युअर गऱ्यांसकट तोला. माझ्या डब्यात चणकासाठी (रायगडात याला जिताडा म्हणतात) दहा-बारा सेंटीमीटरचे मिनो (लहान माशाच्या आकाराचे ल्युअर) आहेत, १५ ते २२ ग्रॅमचे. रबरी मासे जिगहेडसकट (वजनदार डोक्याच्या गरीसकट) २० ग्रॅमच्या आसपास भरतात. या डब्याला १० ते ३० ग्रॅम लिहिलेली काठी बरोबर बसते, कारण काठी सगळ्यात चांगली फेकते ती लिहिलेल्या आकड्यांच्या मधल्या भागात. काठीवर औंस असतील तर पाव औंस म्हणजे ७ ग्रॅम, अर्धा म्हणजे १४, एक म्हणजे २८. गेल्या वर्षी पर्वरीचा एक मुलगा २० ते ८० ग्रॅमची दणकट काठी घेऊन आला होता. १४ ग्रॅमचा ल्युअर तिच्यावर फेकून फेकून त्याचं मनगट सुजलं होतं. काठीत काहीच खोट नव्हती. एवढ्या हलक्या वजनाला ती वाकतच नव्हती, आणि वाकल्याशिवाय काठी फेकणार कशी?

लांबी होडीवरून ठरवा. माझ्या भाच्याची फायबरची होडी वीस फुटांची. मागे इंजिनाजवळ तो, मध्ये एकजण, पुढच्या टोकाला नाळीवर मी. इथे ६ फूट ६ इंच, म्हणजे १९८ सेंटीमीटर, ही मला सगळ्यात सोयीची लांबी वाटते. आपण पाण्याच्या इतके जवळ असतो की ल्युअरला खाली झटके देताना सात फुटी काठीचं टोक पाण्यात बुडतं. किनाऱ्यावर लांब फेक लागते, तिथे लांब काठी हवी. होडी तर चार वल्ही मारून पुढे नेता येते. शिवाय मागच्या माणसाच्या कानाजवळून तीन गऱ्या फिरवणं मला कधीच पटलेलं नाही.

आता पॉवर आणि ॲक्शन. दुकानात या दोन शब्दांची नेहमी गल्लत होते. काठी वाकवायला किती जोर लागतो ती पॉवर, आणि ती कुठून वाकते ती ॲक्शन. चणक ल्युअर तोंडात ओढून घेतो, मग पाण्याबाहेर उसळून डोकं झटकतो. टोक फार कडक असेल तर त्या झटक्याबरोबर टोक खाली जात नाही, दोर क्षणभर सैल पडतो आणि गरी निसटते. तिहेरी गऱ्यांच्या मिनोला म्हणून मी मॉडरेट-फास्ट ॲक्शन (टोकापासून जरा खालपर्यंत वाकणारी) घेतो. एकाच मोठ्या गरीचा रबरी मासा असेल तर फास्ट (टोकाकडेच वाकणारी) बरी, कारण ती गरी जोर देऊन रुतवावी लागते. पण टोक मऊ म्हणून सगळी काठी मऊ नको. पुलाच्या खांबांना कालवं चिकटलेली असतात, चोडणच्या बाजूला खारफुटीची मुळं. मासा गरीला लागला की पहिल्या दोन-तीन सेकंदांत त्याचं तोंड फिरवावं लागतं, नाहीतर ब्रेड (विणलेला दोर) घासून तुटला म्हणून समजा. तो जोर काठीच्या खालच्या अर्ध्या भागातून येतो. नदीसाठी मीडियम-हेवी पॉवर मला पुरते.

गाइडवर मात्र पैसे वाचवू नका, हे मी कळकळीने सांगतो. खाऱ्या पाण्यात काठी आधी इथे मरते. मीठ गाइडच्या पायाशी दोऱ्याखाली शिरतं, चौकट गंजते, मग आतली कडी सुटते किंवा तडकते. तडा डोळ्यांना दिसत नाही आणि ब्रेड मात्र कापत राहतो. कान साफ करायची कापसाची काडी प्रत्येक कडीतून फिरवा. कापसाचा तंतू अडकला तर तिथे तडा आहे. नवीन काठीलासुद्धा दुकानातच हे करून बघा. टायटॅनियमची चौकट गंजत नाही, पण महाग. चांगल्या स्टेनलेसची, आत सिलिकॉन कार्बाइडची कडी असलेली गाइड रोज धुतली तर वर्षानुवर्षं टिकते. टोकाकडची गाइड फार बारीक नकोत. घरून ब्रेडला ४० पौंडी लीडरची (ल्युअरकडच्या जाड दोराची) गाठ मारून न्या आणि ती सगळ्या गाइडमधून ओढून पाहा. खट्ट खट्ट अडकत असेल तर काठी परत ठेवा.

कास्टिंग काठीत रील (दोर गुंडाळायचं चाक) वर असतं, गाइडही वरच. काठी वाकली की दोर खाली ब्लँककडे (काठीच्या दांड्याकडे) येतो. दोर ओवून, मित्राला टोक धरून ओढायला सांगा. दोन गाइडच्या मध्ये दोर ब्लँकला टेकला तर गाइड कमी आहेत. साडेसहा फुटीला टोकाचं धरून नऊ तरी असावीत.

आपलं रील सोबत न्या आणि काठीवरच्या रील सीटमध्ये घट्ट बसवून पाहा, हलता कामा नये. मूठ ईव्हीएची (फोमची) बरी. मुठीचा मागचा भाग कोपराच्या थोडा पुढे जावा, म्हणजे मासा ओढताना काखेत धरता येतो. फार लांब असेल तर लाइफ जॅकेटमध्ये अडकतो.

दहा ग्रॅमच्या खालचे ल्युअर वाऱ्याविरुद्ध फेकायचे असतील तर कास्टिंग काठी घेऊच नका, रीलवर दोराचा गुंता होईल. त्याला स्पिनिंग (रील खाली असलेली) काठी बरी. आणि आग्वादच्या बाहेर इसवण (सुरमई), कोकर या माशांसाठी ४०-६० ग्रॅमचे जिग (धातूचे जड ल्युअर) मारायचे असतील तर वेगळी काठी लागते. एकाच काठीत दोन्ही बसवायचा प्रयत्न मी दोन वर्षं केला. नदीत ती जड पडली, बाहेर हलकी.

माझी स्वतःची पहिली चांगली काठी टोकापासून वीतभरावर मोडली. चणक होडीखाली घुसला आणि मी घाबरून काठी सरळ उभी धरली. सगळा भार त्या बारीक टोकावर आला. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक काठ्या इथेच मोडलेल्या असतात. मूठ पोटाशी धरून काठी आडवी ठेवली, तर भार जाड भागावर जातो. काठी कार्बनची असते, तिला दुसरी भीती विजेची. मे महिन्यात संध्याकाळी गडगडलं की काठ्या होडीत आडव्या ठेवून आम्ही धक्क्याकडे वळतो.

नवीन काठी आणली की पाच लिटरच्या बाटलीत तीन लिटर पाणी भरा, दोराला बांधा आणि काठीने हळूहळू उचला. काठीवर २० पौंडांपर्यंतचा दोर लिहिलेला असेल तर या तीन किलोला ड्रॅग (ओढ वाढली की दोर सोडणारा रीलचा ब्रेक) सुटायला हवा. दोर ५० पौंडांचा भरला असला तरी ड्रॅग काठीच्या आकड्यानेच लावा. वाकलेली काठी नीट बघून घ्या, बोटांना किती ओढ लागते ते लक्षात ठेवा. होडीत मासा लागल्यावर ती ओढ ओळखीची वाटली पाहिजे.