पीडीएफ प्रिंट होत नाही? आधी दोषी कोण ते शोधा

'प्रिंट'वर क्लिक केलं, प्रिंटर ढिम्म. पुन्हा केलं, तरी ढिम्म. मग वैतागून आणखी चार वेळा केलं जातं, आणि कधीतरी अडथळा सुटला की त्याच कागदपत्राच्या सहा प्रती एकामागोमाग बाहेर पडतात. म्हणून पहिलं काम म्हणजे बटण दाबणं थांबवा. दिलेली प्रत्येक प्रिंट बहुतेक वेळा रांगेत उभी असते, हरवलेली नसते.

आणि इतक्यात काही अनइन्स्टॉलही करू नका. पीडीएफ छापली गेली नाही की अनेक जण थेट प्रिंटरचा ड्रायव्हर काढून टाकतात. तो परत घालण्यात अर्धा दिवस जातो आणि शेवटी कळतं की फाइलच खराब होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

आधी तीन छोट्या चाचण्या

पडद्यावरचं पान कागदावर उतरेपर्यंत बऱ्याच हातांतून जातं. ॲडोबी रीडर, फॉक्सिट किंवा ब्राउझरसारखा प्रोग्राम फाइल उलगडून त्यातली अक्षरं, रेषा, चित्रं ऑपरेटिंग सिस्टमकडे देतो. तिथली स्पूलर नावाची सेवा ते काम रांगेत लावते. ड्रायव्हर त्याचं प्रिंटरला समजणाऱ्या भाषेत रूपांतर करतो, आणि मग केबल किंवा वाय-फायवरून ते प्रिंटरपर्यंत पोचतं. यातला नेमका कोणता हात अडला आहे, ते असं ओळखा:

१. नोटपॅडमध्ये दोन शब्द टाइप करा आणि त्याच प्रिंटरवर छापा. कागद आला नाही तर पीडीएफचा काही संबंध नाही. प्रिंटर, रांग किंवा जोडणी यांतच गडबड आहे.

२. नोटपॅड छापलं गेलं तर त्याच रीडरमध्ये दुसरी, साधी, एखाद-दोन पानांची पीडीएफ उघडून छापा. ती निघाली तर मूळ फाइलवर संशय घ्या.

३. दुसरी पीडीएफही अडली तर मूळ फाइल क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये ओढून टाका आणि कंट्रोल-पी दाबा. तिथून निघाली तर दोष रीडरचा आहे. काम घाईचं असेल तर तूर्त ते इथेच झालं, बाकीचा लेख सवडीने वाचा.

रांग आणि प्रिंटर

प्रिंटच्या विंडोमध्ये सगळ्यात वर प्रिंटरचं नाव असतं. ते आधी वाचा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ', 'फॅक्स' किंवा कधीच काढून टाकलेल्या जुन्या प्रिंटरचं नाव असण्याची शक्यता वाटते त्यापेक्षा बरीच जास्त असते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'खाली 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' असा एक पर्याय आहे. तो चालू असेल तर शेवटी वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होतो. म्हणजे काल एखादं पान पीडीएफ म्हणून सेव्ह केलं असेल, तर आज छपाई तिकडेच जाणार. माझ्या मते हा पर्याय सरळ बंद करावा आणि आपला प्रिंटर स्वतः निवडून ठेवावा.

नाव बरोबर असेल तर रांग उघडून पाहा. प्रिंटर 'पॉज्ड' आहे का? विंडोज १० मधल्या रांगेच्या विंडोत 'प्रिंटर' मेनूखाली 'यूज प्रिंटर ऑफलाइन'वर टिक आहे का? असेल तर काढा. सगळ्यात वरचं काम 'एरर' दाखवत असेल तर त्याच्या मागची सगळी कामं त्याच्यासाठी ताटकळत असतात. ते डिलीट करा. बऱ्याचदा ते जातं. पण कधीकधी त्याच्यापुढे 'डिलीटिंग' असं उमटतं आणि ते काम तिथेच ठाण मांडून बसतं. संगणक बंद करून सुरू केला तरी ते परत हजर! अशा वेळी स्पूलरची खोली बाहेरून झाडावी लागते.

त्याची रीत अशी. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधून उघडा. यादीत 'प्रिंट स्पूलर' सापडेल, त्यावर राइट क्लिक करून 'स्टॉप' द्या. ही विंडो उघडीच ठेवा. आता फाइल एक्सप्लोररमधून सी ड्राइव्ह, मग विंडोज, सिस्टम३२, स्पूल आणि शेवटी प्रिंटर्स या फोल्डरपर्यंत जा. आत जायला परवानगी लागेल असं विंडोज म्हणेल, 'कंटिन्यू' करा. आत साधारणपणे जोडीजोडीने फाइली दिसतील, एकीचं एक्सटेन्शन एसपीएल, दुसरीचं एसएचडी. पहिलीत छापायचा मजकूर असतो. दुसरीत ते काम कुणाचं, कोणत्या प्रिंटरवर जायचं, अशी माहिती असते. एखाद्या एसपीएल फाइलचा आकार शेकडो एमबी दिसला तर रांग का तुंबली होती ते लगेच कळतं. फोल्डरमधल्या या फाइली पुसून टाका. 'प्रिंटर्स' हा फोल्डर मात्र पुसू नका. मग सर्व्हिसेसच्या विंडोत परत येऊन स्पूलर 'स्टार्ट' करा. रांगेतली सगळी कामं जातात, त्यामुळे संगणक सामायिक असेल तर इतरांना आधी सांगून ठेवा.

स्पूलर आपणहून बंद पडलेला असण्याचीही शक्यता असते. प्रिंटर समोर दिसतोय आणि रीडर म्हणतोय, आधी प्रिंटर इन्स्टॉल करा, तर सर्वप्रथम हेच तपासा. स्पूलर बंद असला की प्रोग्रामला एकही प्रिंटर दिसत नाही.

वाय-फायवरच्या प्रिंटरचं दुखणं वेगळं. राउटर बंद-चालू झाला की प्रिंटरला नवा आयपी पत्ता मिळू शकतो, आणि संगणक जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर किंवा त्याच्या नेटवर्क रिपोर्टच्या पानावर त्याचा सध्याचा पत्ता मिळतो. 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मधल्या 'पोर्ट्स'शी तो ताडून पाहा. पत्ता जुळतोय, तरी 'ऑफलाइन'च दिसतंय? मग त्याच ठिकाणी 'कॉन्फिगर पोर्ट'मध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'ची टिक काढून पाहा. एसएनएमपी म्हणजे विंडोजने नेटवर्कवरून प्रिंटरची हालहवाल विचारण्याची पद्धत. काही प्रिंटर या चौकशीला नीट उत्तर देत नाहीत, आणि विंडोज त्यांना गैरहजर समजतं.

प्रिंटरचा दिवा नुसताच लुकलुकत असेल तर कागदाचा आकार पाहा. ए४ म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर, तर अमेरिकेत चालणारा लेटर २१६ बाय २७९. फाइल लेटर आकाराची आणि ट्रेमध्ये ए४ असेल तर काही प्रिंटर 'लेटर घाला' म्हणून अडून बसतात. रीडरच्या प्रिंट विंडोत 'फिट' निवडा आणि 'चूज पेपर सोर्स बाय पीडीएफ पेज साइझ'वरची टिक काढा.

फाइलच दोषी असेल तर

फाइल ईमेलमधून थेट उघडली असेल तर आधी डेस्कटॉपवर सेव्ह करा. पेन ड्राइव्हवर किंवा नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये असेल तरी कॉपी करून घ्या, नाव लांबलचक असेल तर छोटं करा, आणि मग छापून पाहा. डाउनलोड अर्धवट झालंय अशी शंका असेल तर फाइल परत उतरवा. फाइल पडद्यावर उघडली म्हणजे ती धडधाकट आहे असं समजू नका. किरकोळ मोडतोड रीडर पडद्यापुरती सांभाळून घेतो, छापताना मात्र अडखळतो.

ॲडोबी रीडरचा एक संदेश तर हमखास चकवतो. 'डॉक्युमेंट छापता आलं नाही' आणि त्यामागोमाग 'छापायला एकही पान निवडलेलं नाही'. आपण पानं निवडलेली असतात, तरीही हे ऐकावं लागतं. त्याचा शब्दशः अर्थ घेऊन पानांचे आकडे बदलत बसू नका. छपाईचं काम तयार होतानाच मोडलं, एवढंच तो सांगतोय.

प्रिंटचा पर्यायच फिकट दिसत असेल तर कंट्रोल-डी दाबा आणि 'सिक्युरिटी' टॅब पाहा. तिथे 'प्रिंटिंग'समोर 'नॉट अलाउड' असेल तर फाइल बनवणाऱ्यानेच छपाई बंद केली आहे. पीडीएफला दोन प्रकारचे पासवर्ड असतात, एक उघडण्यासाठी आणि दुसरा अशा परवानग्या बदलण्यासाठी. पहिला माहीत आहे म्हणून दुसरा सुटत नाही. यावरचा रास्त उपाय एकच, पाठवणाऱ्याकडून छापता येणारी प्रत मागा. तिथे 'लो रिझोल्यूशन' लिहिलं असेल तर छपाई होते, पण १५० डीपीआयवरच, म्हणजे इंचाला १५० ठिपके, म्हणून बारीक अक्षरं पुसट येतात. त्यासाठी प्रिंटरच्या शाईला दोष देऊ नका. कधीकधी वरती पिवळी पट्टी असते, म्हणजे फाइल इंटरनेटवरून आल्यामुळे 'प्रोटेक्टेड व्ह्यू'मध्ये उघडली आहे. फाइल विश्वासातल्या माणसाची असेल तर 'एनेबल ऑल फीचर्स' करा.

आता माझा सगळ्यात आवडता उपाय. रीडरच्या प्रिंट विंडोत 'ॲडव्हान्स्ड' बटण आहे. ते दाबलं की 'प्रिंट ॲज इमेज' असा चौकोन दिसतो. तिथे टिक करा, शेजारी ३०० डीपीआय निवडा, आणि छापा. एरवी रीडर ड्रायव्हरला अक्षरं, फॉन्ट आणि रेखाटनाच्या सूचना पाठवतो. त्यातला एखादा फॉन्ट बिघडलेला असेल किंवा पारदर्शक थरांचं चित्र गुंतागुंतीचं असेल, तर ड्रायव्हर तिथेच अडकतो. 'इमेज' म्हटलं की रीडर पूर्ण पान स्वतः रंगवतो आणि ड्रायव्हरकडे फक्त ठिपके जातात, त्यामुळे त्याला अडखळायला काही उरत नाही. पडद्यावर मराठी मजकूर स्वच्छ आणि कागदावर चौकोन किंवा तुटकी जोडाक्षरं, या तक्रारीवरही हाच उतारा. छपाई थोडी हळू होते, अक्षरांची धार किंचित कमी होते. क्रोमच्या प्रिंट विंडोतही पीडीएफसाठी 'मोअर सेटिंग्ज'खाली असाच पर्याय मिळतो.

मोठी फाइल अमुक एका पानावर अडत असेल तर अर्ध्या-अर्ध्याने शोधा. शंभर पानं असतील तर आधी १ ते ५० छापायला द्या, ती निघाली तर ५१ ते ७५. कागद वाया घालवायचा नसेल तर हाच शोध 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ'वर करा, दोषी पान बहुतेकदा तिथेही अडतं. सापडलं की तेवढं एक पान इमेज म्हणून छापा, बाकीची नेहमीसारखी. आणि पूर्ण फाइल 'प्रिंट टू पीडीएफ'मधून सुखरूप बाहेर पडली, तर ती नवी प्रत छापा. तिच्यात बुकमार्क किंवा लिंका राहणार नाहीत, पण कागदाला त्यांचं काय?

फॉर्मच्या दोन तऱ्हा लक्षात ठेवा. कागदावर फक्त आपण भरलेली उत्तरं उमटली आणि छापील मजकूर गायब असेल, तर 'कॉमेंट्स अँड फॉर्म्स'मध्ये 'फॉर्म फील्ड्स ओन्ली' निवडलेलं आहे, तिथे 'डॉक्युमेंट' करा. शेरे, खुणाही हव्या असतील तर 'डॉक्युमेंट अँड मार्कअप्स'. दुसरी तऱ्हा म्हणजे ब्राउझरमध्ये फॉर्मऐवजी 'प्लीज वेट' एवढंच पान दिसणं. तो एक्सएफए प्रकारचा फॉर्म आहे. कितीही वाट पाहिली तरी तिथे दुसरं काही येणार नाही, तो ॲडोबी रीडरमध्येच उघडा आणि तिथूनच छापा.

रीडर दोषी असेल तर

रीडर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. टास्क मॅनेजरमध्ये त्याची एखादी प्रक्रिया मागे रेंगाळत असेल तर तीही संपवा. मग 'हेल्प' मेनूतून 'चेक फॉर अपडेट्स', आणि त्याने भागलं नाही तर त्याच मेनूतलं 'रिपेअर इन्स्टॉलेशन'.

तरीही अडलं तर 'प्रेफरन्सेस'मध्ये 'सिक्युरिटी एन्हान्स्ड' उघडा आणि 'एनेबल प्रोटेक्टेड मोड ॲट स्टार्टअप'वरची टिक काढून रीडर पुन्हा सुरू करा. २०१० साली रीडर दहापासून आलेली ही सोय प्रोग्रामला कुंपणात ठेवते, म्हणजे एखाद्या घातक फाइलने घुसखोरी केली तरी नुकसान मर्यादित राहतं. काही ड्रायव्हरांचं या कुंपणाशी पटत नाही. त्यामुळे ही फक्त चाचणी समजा. छपाई झाली तर कारण कळलं, टिक परत लावा आणि प्रिंटरच्या कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घ्या. कुंपण कायमचं काढून अनोळखी पीडीएफ उघडत राहणं म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात.

नव्या ड्रायव्हरनेही फरक पडला नाही आणि प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट व पीसीएल (प्रिंटरला समजणाऱ्या दोन वेगळ्या भाषा) असे दोन ड्रायव्हर मिळत असतील, तर सध्या जो नाही तो घालून पाहा. एकाला न पचणारी फाइल दुसरा कधीकधी सहज छापतो.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मधल्या यादीवर कंट्रोल दाबून क्लिक केलं की 'रीसेट प्रिंटिंग सिस्टम' मिळतं. हा रामबाण आहे, पण सगळे प्रिंटर पुसले जातात आणि परत जोडावे लागतात, म्हणून आधी प्रिव्ह्यू ॲपमधून छापून पाहा. लिनक्सवर छपाई कप्स नावाची प्रणाली सांभाळते. ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा, म्हणजे आपल्याच संगणकाचा, ६३१ क्रमांकाचा पोर्ट उघडला (पत्त्याच्या जागी localhost:631 लिहिलं) की प्रिंटर, रांग आणि अडलेली कामं सगळं एका पानावर दिसतं.

मदत मागायची वेळ आली तर

एवढं करूनही कागद कोराच आला किंवा आलाच नाही, तर जाणकाराला नुसतं 'प्रिंट होत नाही' असं कळवू नका. तिन्ही चाचण्यांचे निकाल, रीडरची आवृत्ती, ड्रायव्हरचं नाव, आणि पडद्यावरच्या संदेशाचा फोटो पाठवा. अडलेली फाइल गोपनीय नसेल तर तीही जोडा. तीच पीडीएफ त्याच्या प्रिंटरवर निघते की नाही, हे तो पहिल्याच मिनिटात सांगू शकेल.