कापसाचा पैसा दिवाळीत, दप्तर जूनमध्ये: गावातून एका विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती कशी उभी करावी

जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पुस्तकं मोफत मिळतात आणि दुपारचं जेवणही शाळेतच होतं. नववीत गेलं की दोन्ही बंद. अनेक गावांत शाळाही आठवीच्या आतच संपते आणि पुढे तालुक्याचा रस्ता धरावा लागतो. पोरं गळतात ती इथेच. गावाला एकाच विद्यार्थ्याला हात द्यायचा असेल तर तो नववी-दहावीच्या दोन वर्षांसाठी द्यावा.

अडचण वेळेची आहे. शाळा जूनमध्ये उघडते आणि तेव्हा खान्देशातल्या गावात कोणाच्या खिशात पैसा नसतो; होता तो बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. पैसा येतो दिवाळीच्या आगेमागे, वेचणीचा कापूस विकल्यावर. जूनमध्ये वर्गणी फिरवली तर घरटी पन्नास-शंभर मिळतात आणि वर ‘दिवाळीनंतर बघू’ ऐकायला मिळतं. तो माणूस खोटं बोलत नसतो. म्हणून गोळा करायचं नोव्हेंबर-डिसेंबरात, सांभाळायचं सहा महिने आणि खर्च सुरू करायचा जूनमध्ये. पुढचं सगळं या वेळापत्रकावर बेतलेलं आहे.

विद्यार्थी निवडणं (सप्टेंबर-ऑक्टोबर)

समिती पाच जणांची पुरे: मुख्याध्यापक, आठवीचे वर्गशिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा बचत गटातली एखादी जाणती बाई, एक निवृत्त कर्मचारी आणि हिशेबाला चोख असा एक तरुण. निवडणूक लढवणारा माणूस समितीत नको, मग तो कितीही भला असो. त्याच्या विरोधी पॅनलची घरं वर्गणी देत नाहीत. ज्याच्या नात्यातलं मूल विचारात आहे, त्याने त्या बैठकीत बसू नये.

तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला घ्या, पण निवड त्याच्यावर करू नका. दहा एकर बागायतवाला आणि सालदार, दोघांच्या दाखल्यांवरचे आकडे शेजारी-शेजारी असू शकतात. त्यापेक्षा तीन गोष्टी पाहा. घरात कमावतं माणूस किती? दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला किंवा मजुरीला गुजरातेत जातात का, आणि गेले तर मूल कोणाजवळ राहतं? आणि हजेरी. गुणांपेक्षा हजेरी बोलकी असते. जे मूल वेचणीच्या दिवसांतही निम्म्याहून जास्त वेळ शाळेत आलं, त्याला शिकायचं आहे. वर्गशिक्षकाकडून तीन नावं गुपचूप घ्या, घरी जाऊन या, आणि ठरलं की आधी आई-वडिलांची संमती घ्या. नाव गावभर करायचं नाही. वर्गणी मागताना ‘आपल्या शाळेतला नववीत जाणारा एक विद्यार्थी’ एवढंच सांगा. देणाऱ्याने खोदून विचारलं तरी तेवढंच.

किती लागतील?

अनुदानित शाळेत फी हा मोठा खर्च नसतो, तरी लोक ‘फीसाठी वर्गणी’ म्हणतात आणि मग शाळेकडून ‘फी तर नाहीच’ असं कळल्यावर संशय येतो. वस्तूंची यादीच करा. तालुक्याला ये-जा करणाऱ्या आणि आई-बाप पाच महिने बाहेर असणाऱ्या विद्यार्थ्याचा नमुना असा. भाव आपल्या बाजारात विचारून बदला:

पुस्तकं, वह्या, दप्तर – ३,५०० रुपये
गणवेश दोन जोड, बूट – २,५००
सायकल – ६,०००
नोव्हेंबर ते मार्च जेवणखर्च, महिना १,५०० – ७,५००
परीक्षा, प्रयोगवही, सहल – १,५००
औषधपाणी, चष्मा – १,५००

बेरीज २२,५००. वर दहा टक्के अडीनडीचे धरले की पहिल्या वर्षाला २५,०००. दुसऱ्या वर्षी सायकल नाही, पण बोर्डाची परीक्षा फी आणि सराव संच येतात, तेव्हा २०,००० धरा. एकूण ४५,०००.

हा आकडा जाहीर करण्याआधी सरकारकडून काय मिळतं ते पाहा, नाहीतर फुकट मिळणाऱ्या गोष्टीला गाव पैसे मोजेल. मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे, मुलांना भाड्याच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळतो. मानव विकास कार्यक्रमातल्या (सरकारने मागास म्हणून निवडलेल्या) तालुक्यांत मुलींना सायकलीसाठी अनुदान आहे. मूल आठवीत असतानाच त्याला एनएमएमएसच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीच्या, परीक्षेला बसवा: पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मात्र ते १२,००० पहिल्या वर्षाच्या हिशेबातून वजा करू नका. ते पैसे खात्यावर येईपर्यंत जून कधीच उलटून गेलेला असतो. आले की दुसऱ्या वर्षाला धरा. काही सरकारी शिष्यवृत्त्यांसोबत दुसरी शिष्यवृत्ती चालत नाही, म्हणून कागदोपत्री ‘शैक्षणिक मदत’ असा शब्द वापरावा का, हे शाळेच्या लिपिकाला आधी विचारून घ्या.

पैसा ठेवायचा कुठे?

गोळा करायच्या आधी हे ठरलं पाहिजे. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे शाळा चालवणारी संस्था, गावचं वाचनालय किंवा दुसरी एखादी नोंदणीकृत संस्था यांच्या खात्यात पैसे घेणं आणि त्यांच्या वहीत या निधीचं वेगळं पान ठेवणं. त्या संस्थेला ८०-जीची मान्यता असेल तर जुन्या करप्रणालीतल्या देणगीदाराला आयकरात सवलत मिळते, पण २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी त्यात बसत नाही. नोकरदारांना हे आधीच सांगा. अशी संस्था नसेल तर गणेश मंडळं घेतात तीच धर्मादाय आयुक्तांची ४१-सी परवानगी घेऊन वर्गणी करा आणि परवानगीत सांगितल्याप्रमाणे हिशेब सादर करा.

एखाद्या भल्या माणसाचा स्वतःचा क्यूआर कोड ग्रुपवर टाकून मोकळं व्हायचा मोह होतो. टाकू नका. त्याचे घरचे पैसे आणि निधीचे पैसे एकत्र होतात, आणि नात्याबाहेरच्या लोकांकडून एका आर्थिक वर्षात ५०,००० च्या वर भेट रक्कम जमली तर ती त्याच्या उत्पन्नात धरली जाते. मुलाच्या खात्यावर सगळी रक्कम एकदम टाकणंही चुकीचं. घरात आजारपण निघालं की ती तिकडे जाते, आणि आई-बापाला त्यात दोषही देता येत नाही.

खातं तिघांचं, सही कोणत्याही दोघांची. जूनपर्यंत लागणार नाही ती रक्कम सहा महिन्यांच्या ठेवीत ठेवा, पण बँकेत. व्याज जास्त म्हणून पतसंस्थेत नको. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. पतसंस्थेत ठेव अडकणं म्हणजे काय, हे जळगाव जिल्ह्यात कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

कापूस गोळा करणं

शेतकऱ्याला रोख द्यायला जड जातं, माल द्यायला तेवढं जड जात नाही. म्हणून घरटी ५ किलो कापूस मागा. ‘जमेल तेवढा’ म्हणू नका. आकडा दिला की माणूस हो किंवा नाही म्हणतो, नाही दिला की विचार करतो. साठ घरांचे ५ किलो म्हणजे ३ क्विंटल. किलोला ७० रुपये धरले तर २१,०००.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, मालाची प्रत. कोणी पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र देतो, कोणी कवडी (किडका, डागी कापूस) नाहीतर फरदड (खोडव्याचा हलका माल) आणून टाकतो. सगळं एका ढिगात गेलं की व्यापारी सगळ्याला कवडीचाच भाव लावतो आणि चांगला देणारा पुढच्या वर्षी दारात उभं करत नाही. गोण्या दोन ठेवा, चांगल्याची वेगळी आणि हलक्याची वेगळी, आणि पावतीवर किलोसोबत प्रतही लिहा. दुसरी, ओल. दंवातला सकाळी वेचलेला कापूस काट्यावर ५ किलो भरतो आणि आठवड्याने कमी भरतो. मग पावत्यांची बेरीज आणि विक्रीचं वजन जुळत नाही, आणि तो फरक कोणी खाल्ला यावर पारावर चर्चा रंगते. उपाय असा: एकच दिवस ठरवा, वाळलेलाच माल घ्या, शाळेच्या ओट्यावर एकच इलेक्ट्रॉनिक काटा लावा आणि त्याच संध्याकाळी माल विका.

सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर असा सामाईक कापूस नेता येत नाही, तिथे शेतकऱ्याच्या नावाने नोंदणी आणि सातबारा लागतो. तेव्हा खेडा खरेदीच्या, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या, दोन-तीन व्यापाऱ्यांना एकाच वेळी बोलवा आणि कटती (वजनातली कपात) किती धरणार ते भावाआधी विचारा. भाव चढा सांगून कटतीत वसूल करणारे असतात. पैसे खात्यावरच घ्या.

ज्यांच्याकडे शेत नाही त्यांच्या दारात आकडा घेऊन जाऊ नका. मजुरी करणाऱ्या बाईने स्वतःहून वीस रुपये दिले तर तिलाही तसलीच पावती, तशीच नंबरवार, कार्बन घातलेली. रावेर-यावलकडे केळीची कटाई वर्षभर चालते, तिथे घडांऐवजी कटाईच्या दिवशी रोखच घ्यावी. केळी थांबत नाहीत.

भरिताचं जेवण

डिसेंबरात हिरवी वांगी मुबलक असतात, तेव्हा कुपनं लावून भरीत-पुरीची पंगत ठेवा. १५० रुपयांची शंभर कुपनं म्हणजे १५,०००, साधारण ६,००० खर्च, उरले ९,०००. शंभर जणांना वांगी ३० किलो, हिरवी मिरची सव्वा किलो, लसूण पाऊण किलो, कांद्याची पात ४ किलो, शेंगदाणे १ किलो, कोथिंबीर भरपूर. पुऱ्यांना कणीक १४ किलो आणि तेल सगळं मिळून ८ लिटर. मिरची एकदम टाकू नका. निम्मी ठेचून घाला, चव पाहा, मग उरलेली. शहरातून आलेल्यांची जीभ बदललेली असते.

वांग्यांना तेलाचा हात लावून आणि दोन-तीन जागी टोचून मगच ती पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या) जाळावर टाका. न टोचलेलं वांगं फुटतं आणि निम्मा गर राखेत जातो. सोललेला गर बडगीत (लाकडी उखळीत) ठेचायचा. मिक्सरमधून काढला तर त्याची चटणी होते, आणि खान्देशी माणूस ते विसरत नाही.

सत्तर कुपनांचे पैसे हातात आल्याशिवाय वांगी आणू नका. आणि फुकट कुपन कोणालाच नाही, पाहुण्यांना नाही आणि समितीलाही नाही. ‘साहेबांना कसं विचारायचं’ म्हणत पंधरा पानं फुकट गेली की सव्वादोन हजार गेले. मुलाच्या दीड महिन्याचं जेवण.

बाहेरगावी असलेली मंडळी

सुरतेच्या लिंबायत-उधन्यात, पुण्या-नाशकात आपल्या गावची वीस-तीस घरं तरी निघतात. त्यांच्या ग्रुपवर लांबलचक आवाहन कोणी वाचत नाही. एवढं पुरे:

‘रामराम मंडळी. आपल्या शाळेतल्या एका गरजू विद्यार्थ्याच्या नववी-दहावीसाठी गाव ४५,००० रुपये जमवतंय. कापूस आणि भरितातून ३०,००० झाले. १५,००० कमी आहेत. पंधरा घरांनी प्रत्येकी १,००० द्यावेत. खातं संस्थेच्या नावाचं आहे, पावती त्याच दिवशी मिळेल. हिशेब आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) शाळेत.’

गावाने आधी किती जमवलं ते लिहिल्याशिवाय हा निरोप पाठवू नका. बाहेरचा माणूस तेच आधी पाहतो. ‘देतो’ म्हणणाऱ्यांपैकी काही मागे राहतात, म्हणून पंधरा हवे असतील तर वीस घरांशी फोनवर बोला. आखाजीला माहेरवाशिणी आणि नोकरीवाले गावात असतात, तेव्हा राहिलेले पैसेही हातोहात येतात. त्या दिवशी फळ्यावर जमा, खर्च आणि शिल्लक लिहा. विद्यार्थ्याचं नाव, हार, फोटो यातलं काही नको.

देण्याची पद्धत

जूनच्या पहिल्या आठवड्यात दप्तर, गणवेश, सायकल थेट दुकानदाराला पैसे देऊन घ्या, बिल संस्थेच्या नावाने. रंग, माप, सायकलचा प्रकार मुलाला निवडू द्या. जेवणखर्च नोव्हेंबरपासून महिन्याच्या महिन्याला, मूल ज्या आजीजवळ किंवा मावशीजवळ राहतं तिच्या खात्यावर. परीक्षा फी शाळेत. प्रत्येक हप्त्याआधी वर्गशिक्षकाकडून हजेरी विचारा. कमी झाली असेल तर हप्ता रोखायच्या आधी घरी जा. दिवाळीनंतर मूल आई-बापामागे फडावर गेलेलं असू शकतं, आणि हप्ता रोखला तर ते परतायचं नाही.

मूल शाळा सोडूनच गेलं तर तीन महिने वाट पाहा, त्याच्या घरच्यांशी दोनदा बोला, मग समितीने लेखी ठराव करून उरलेली रक्कम तीन नावांतल्या दुसऱ्याकडे वळवावी. दिलेली सायकल परत मागू नका. दहावीनंतर काही शिल्लक राहिली तर ती कोणाची, हे पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा: त्याच विद्यार्थ्याच्या अकरावी प्रवेशाला, की पुढच्या आठवीतल्या मुलाला. दोन-तीन हजारांचाच प्रश्न असतो, पण आधी लिहिलेलं नसेल तर पुढच्या दिवाळीला कापूस मागायला जाणाऱ्यांना प्रत्येक दारात आधी त्याचंच उत्तर द्यावं लागतं.