स्वस्त टीव्ही घेताना पेन ड्राइव्ह सोबत न्या

दुकानात झकास दिसणारा स्वस्त टीव्ही घरी आणल्यावर फिकट आणि धूसर वाटतो. कारण तिथे डेमो मोड चालू असतो आणि फुलांचे, समुद्राचे भडक ४के (खूप बारीक तपशील दाखवणारे) व्हिडिओ लावलेले असतात.

पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा नाहीतर मॉलमध्ये, पेन ड्राइव्हवर तीन क्लिप घेऊन जा: रात्रीचा अंधारा प्रसंग, क्रिकेटचा तुकडा आणि जुन्या मराठी मालिकेचा साधा भाग. शेवटची सर्वांत महत्त्वाची, कारण घरी बहुतेक वेळ आपण तसलंच काहीतरी बघतो.

१. पिक्चर मोड ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’ करायला सांगा.
२. अंधाऱ्या प्रसंगात काळा रंग राखाडी दिसतो का, कोपऱ्यांतून उजेड झिरपतो का, ते बघा.
३. बाजूला सरकून बघा. हॉल लहान असेल तर कोणीतरी तिरकं बसणारच. काही पॅनेलवर तिथून रंग पार उडतात.
४. क्रिकेटच्या क्लिपमध्ये पळत्या चेंडूमागे शेपूट दिसते का, तेही पाहा.

स्वस्त सेटवरच्या ‘एचडीआर’ (उजळ आणि अंधारे भाग जास्त ठळक दाखवण्याचं तंत्र) स्टिकरसाठी जास्त पैसे मोजू नका. तेवढा उजेड त्या पॅनेलमध्ये नसतो. ३२ इंची बहुतेक सेट १३६६×७६८ पिक्सेलचे, म्हणजे ४के पेक्षा बरेच कमी तपशिलाचे असतात. मालिका-बातम्यांना ते पुरतं. ४३ इंचाला मात्र ४के घ्या.

फक्त ४ जीबीपेक्षा लहान फाइल ठेवा आणि पेन ड्राइव्ह एफएटी३२ (फाइल साठवण्याची एक पद्धत) मध्ये फॉरमॅट करा, नाहीतर काही टीव्ही तो वाचत नाहीत.