चेनसॉची दोरी हाताला हिसका का मारते आणि ती तुटू नये म्हणून काय करायचं

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर आमच्या भागात बऱ्याच वाड्यांमध्ये चेनसॉ आले, तोपर्यंत कुऱ्हाड, कोयता आणि करवत यावरच भागत होतं. माड, पोफळी, आंबे सगळं आडवं पडलेलं, रस्ते बंद, लाईट नाही, त्यामुळे मिळेल ते मशीन आणलं आणि कामाला लागलो. पण ते चालू कसं करायचं हे नीट कोणी दाखवलंच नाही. तेव्हापासून शेजारपाजारची मशीन माझ्याकडे येतात त्यात जास्त करून चालू करायची, म्हणजे स्टार्टरची दोरीच तुटलेली असते, आणि जरा विचारलं की कळतं, चालू करताना हाताला हिसकाही बसतोय. ही दोन दुखणी वेगळी नाहीत हो. जो हिसका बोटांना बसतो तोच दोरीला बसतो.

(बारचं, म्हणजे चेन ज्या लांब पट्टीवर फिरते तिचं टोक लाकडाला लागून सॉ अंगावर उसळतो तो किकबॅक वेगळा, तो जिवावर बेततो. इथे फक्त स्टार्टरच्या दोरीचं सांगतोय.)

ज्यांनी जुनी बुलेट चालवलीय त्यांना हे लगेच कळेल. अर्धवट किक मारली की बुलेट उलटी किक मारायची आणि घोटा सुजायचा, तोच प्रकार इथे. स्पार्क पडतो तो पिस्टन अगदी वर पोचायच्या जरा आधी. तुम्ही जोरात ओढलं तर पिस्टन त्या वेगातच वरून पलीकडे जातो, काही होत नाही. पण हळू, घाबरत, अर्धी दोरी ओढली तर पिस्टन वर पोचतच नाही, तेवढ्यात पेट्रोल पेटतं आणि त्याला आल्या वाटेने खाली ढकलतं. मॅग्नेट (इंजिनच्या शाफ्टवरचं चुंबकाचं चाक) उलटा फिरतो, आणि स्टार्टरचे कुत्रे (सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतात तसेच) अजून धरलेले असल्यामुळे दोरी मुठीसकट (मूठ म्हणजे दोरीच्या टोकाची पकड) आत खेचली जाते. बोटं मुठीत घट्ट अडकलेली असतील तर मनगट दुखावतं, आणि दोरी हाताला गुंडाळून ओढत असाल तर विचारूच नका, ती सवय आजच सोडा.

म्हणजे दोरी जोर लावल्यामुळे तुटते असं सगळे म्हणतात ते अर्धंच खरं आहे. जास्त दोऱ्या मी बघतो त्या भीत भीत ओढल्यामुळे, तिरक्या ओढल्यामुळे आणि ओढून झाल्यावर मूठ तशीच सोडून दिल्यामुळे गेलेल्या असतात.

आता चालू करताना. सॉ जमिनीवर सपाट ठेवायचा, चेनला काही लागत नाहीये ना बघायचं, चेन ब्रेक लावायचा. उजव्या पायाच्या बुटाचं टोक मागच्या हँडलमध्ये, डाव्या हाताने पुढचं हँडल सरळ कोपराने खाली दाबून धरायचं. एका हातात सॉ लोंबकळत धरून दुसऱ्या हाताने दोरी ओढायची पद्धत पोरं बघून बघून शिकतात, ती करू नका, त्यात दोरी कायम तिरकी ओढली जाते आणि मशीन चालू होऊन चेन फिरली तर थेट मांडीवर येते.

मग दोरी पहिली हळूच ओढा. थोडी मोकळी येईल, मग कुत्र्यांनी धरल्याचं हाताला कळेल आणि पुढे कॉम्प्रेशन जड लागेल. तिथे थांबा. आता तिथून एकदम, सरळ वर, न कचरता ओढा. पण पूर्ण टोकापर्यंत नाही, दोरी संपते तिथे खाड्कन झटका बसतो आणि आतल्या गाठीपाशी दोरी तुटते नाहीतर तिला परत आत ओढणारी स्प्रिंग जाते. हातभर ओढ पुरते. आणि ओढून झालं की मूठ सोडायची नाही, हातात धरूनच परत आत जाऊ द्यायची, म्हणजे दोरी पुलीवर (ती गुंडाळली जाते त्या आतल्या चाकावर) नीट बसते. मोठ्या मशीनवर डीकॉम्प्रेशनचं बटण (सिलिंडरमधला दाब कमी करणारं) असेल तर दर वेळी ओढायच्या आधी दाबा, इंजिन पेटलं की ते आपोआप वर येतं.

चोकचं पण सांगतो कारण अर्धी ओढाओढ तिथेच होते. थंड मशीनला पूर्ण चोक, आणि एकदा 'भक्क' असा आवाज आला की लगेच चोक अर्ध्यावर आणायचा. तो आवाज आजूबाजूच्या मशीनच्या गोंगाटात, पावसात ऐकू येत नाही, माणूस ओढतच राहतो आणि सिलिंडरमध्ये नको तेवढं पेट्रोल चढतं. मग दोरी जड येते, मध्येच अडते, आपण आणखी चिडून ओढतो. तिथे थांबा, स्विच बंद करा, प्लग काढून पुसा, चोक उघडा आणि प्लग न लावता पाच-सहा वेळा ओढून पेट्रोल बाहेर जाऊ द्या.

नीट ओढूनही प्रत्येक वेळी हिसका बसतोय तर मात्र दोष हाताचा नाही. मॅग्नेटची चावी (त्याला शाफ्टवर जागेवर धरणारा छोटा तुकडा) कापली गेली असेल, म्हणजे मॅग्नेट शाफ्टवर थोडा सरकतो आणि स्पार्क फार आधी पडतो. मॅग्नेट काढून चावी बघून घ्या, नाहीतर मेस्त्रीकडे द्या, पण तसंच चालवत राहू नका.

दोरी तुटायच्या आधी सांगते, आपण बघत नाही एवढंच. मूठ ओढून पहिली वीतभर दोरी बघा, कव्हरच्या भोकातून जाते तिथे आधी केसाळ होते. चिमटीत धरून फिरवली की बारीक तंतू बोटाला लागतात. असं दिसलं की त्याच संध्याकाळी बदला. आणि भोकाची कड पण बोटाने चाचपा, तिथे चर पडलेली असेल तर नवी दोरी पण तशीच खाल्ली जाणार. आमच्याकडे आणखी एक त्रास फणसाचा. ओला फणस कापला की चिकाचा हात मुठीला लागतो, दोरीला लागतो, त्यावर भुसा बसतो आणि तो आत पुलीवर जाऊन दोरी चिकटते. हाताचा चीक खोबरेल लावून काढा, पण तेल दोरीला नको, ती कोरड्या फडक्याने पुसा.

बदलायला स्टार्टर कव्हरचे स्क्रू काढा. चष्मा घाला, पुली उचकटली तर स्प्रिंग उसळून डोळ्यावर येते, आणि शक्यतो पुली काढूच नका, बऱ्याच मशीनमध्ये दोरी बदलायला त्याची गरज नसते. तुटलेले तुकडे जोडून लांबी मोजा, जाडी जुन्याएवढीच घ्या (लहान मशीनला साधारण ३ ते ३.५ मिमी), दुकानात स्टार्टरची म्हणून मिळते तीच घ्या, कपडे वाळत घालायची नायलॉन दोरी दोन दिवस टिकत नाही. टोकं लायटरने वितळवून टोकदार करा, कव्हरच्या भोकातून पुलीत घालून गाठ मारा, दुसरं टोक मुठीत. मग दोरीचा फास पुलीच्या खाचेत अडकवून, ओढताना पुली ज्या बाजूला फिरते त्याच बाजूला पाच-सहा फेरे द्या, पुली धरून ठेवा, दोरीचा पीळ काढा आणि हळूहळू सोडा म्हणजे ती गुंडाळली जाईल. आता दोरी पूर्ण ओढून धरा आणि पुली अजून अर्धा फेरा फिरते का बघा. फिरत नसेल तर ताण जास्त झालाय, एक फेरा कमी करा, नाहीतर स्प्रिंग तुटेल. मूठ बाजूला लोंबत असेल तर एक फेरा वाढवा. कव्हर परत बसवताना मूठ थोडी ओढून धरा, कुत्रे जागेवर बसल्याचा आवाज आला की मगच स्क्रू आवळा.