फ्रीकॅड: स्प्रेडशीटमध्ये वजनाचं सूत्र टाकताच ‘सायक्लिक डिपेन्डन्सी’

फ्रीकॅड या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये लोखंडी ब्रॅकेटची लांबी, रुंदी, जाडी एका स्प्रेडशीटमध्ये अलायस (सेलला दिलेलं नाव) देऊन ठेवली होती. स्केच (सपाट रेखाचित्र) त्यावरून छान बदलत होतं. त्याच शीटमध्ये वजन काढायला गेलो आणि वर्तुळाकार अवलंबित्वाची एरर आली. सेल बदलली, रिकम्प्युट केलं (मॉडेल पुन्हा मोजायला लावलं), फाइल बंद करून उघडली. काही नाही. डोकं उठलं.

फ्रीकॅड अवलंबित्व सेलनुसार नव्हे, अख्ख्या शीटनुसार मोजतं. स्केच शीटवर अवलंबून, बॉडी (स्केचवरून बनलेला घन भाग) स्केचवर, शीट पुन्हा बॉडीवर, म्हणून चक्र.

उपाय: आधी जुन्या शीटमधून वजनाचं सूत्र पुसा आणि रिकम्प्युट करा. मग नवी स्प्रेडशीट घ्या, लेबल ‘आउटपुट’ द्या. तिच्यातच लिहा: =बॉडी.शेप.व्हॉल्यूम * ०.०००००७८५ (इथली नावं अर्थातच फाइलमध्ये असतील तशी इंग्रजीत). व्हॉल्यूम एककाशिवाय, घन मिलिमीटरमध्ये येतं आणि तो आकडा म्हणजे पोलादाची घनता, किलो प्रति घन मिलिमीटर. त्यामुळे उत्तर थेट किलोत. स्केचचं कोणतंही माप मात्र या नव्या शीटला जोडू नका, फक्त जुनीलाच: माप डबल-क्लिक, एफएक्स चिन्ह, मग स्प्रेडशीट.थिकनेस.

जाडीला नुसता ‘टी’ अलायस घेत नाही, कारण ते टनाचं एकक आहे.