बॅटरी जोडताना उडणारी ठिणगी: नव्या ऑटो इलेक्ट्रिशियनसाठी काही अनुभव

आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेइकलचा अभ्यासक्रम पूर्ण करून गॅरेजात येणाऱ्या मुलामुलींना बॅटरीच्या कामात सर्वांत आधी भीती वाटते ती ठिणगीची. काही जण घाबरून केबल सैल बसवतात, तर काही जण थोड्याच दिवसांत इतके निर्ढावतात की ठिणगी लहान उडाली की मोठी, याकडे त्यांचे लक्षही जात नाही. हे काम करताना आणि शिकवताना माझे मत असे झाले आहे की या ठिणगीवरून गाडीच्या वायरिंगची अवस्था कळू शकते; मात्र ती मुद्दाम पाडून बघण्याची सवय कोणीही लावून घेऊ नये.

काढताना निगेटिव्ह आधी आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी, हा क्रम सर्वांना पाठ असतो. त्यामागचे कारणही माहीत हवे. आजच्या गाड्यांची बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. ती जोडणी कायम असताना पॉझिटिव्हच्या नटावरचा पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होऊन शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहू शकतो. निगेटिव्ह सुटी असेल, तर तोच पाना टेकला तरी मार्ग पूर्ण होत नाही. अंगठी आणि धातूचे कडे आधी काढून ठेवावे, ते याचसाठी.

खरा धोका वायूचा आहे. चार्जिंग होताना, विशेषतः जास्त चार्जिंग झाल्यास, लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि हवेत त्याचे प्रमाण साधारण ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर एक ठिणगी स्फोटाला पुरते. म्हणून चार्जरवरून नुकत्याच उतरवलेल्या बॅटरीला लगेच केबल लावू नये, बॉनेट उघडे ठेवून हवा खेळू द्यावी आणि डोळ्यांवर चष्मा घालावा. डोळ्यांत अ‍ॅसिड उडालेच, तर किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळे धुवून लगेच डॉक्टरांकडे जावे.

आता ठिणगीकडे वळू. इग्निशन बंद, दिवे बंद आणि दरवाजे लावलेले असतानाही निगेटिव्ह टेकवताच बारीक ठिणगी उडणे स्वाभाविक आहे, कारण ईसीयू (गाडीचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक), म्युझिक सिस्टिम आणि अलार्म यांच्या आतले कपॅसिटर (थोडी वीज साठवणारे भाग) त्या क्षणी भरले जातात. बाहेरून मोठा अँप्लिफायर बसवला असेल, तर ही ठिणगी थोडी जोरकस असते. पण सर्व काही बंद असूनही जाड, तडतडणारी ठिणगी आली, तर केबल पुन्हा टेकवू नये. आधी पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह उलट तर झाले नाहीत ना, हे पाहावे. बॅटरीच्या क्रमांकाअखेरचे एल किंवा आर हे अक्षर टर्मिनल कोणत्या बाजूला आहेत ते सांगते, आणि पॉझिटिव्हचा खांब निगेटिव्हपेक्षा किंचित जाड असतो. उलट जोडणीत अल्टरनेटरचे, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचे, डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) क्षणात जाऊ शकतात.

जोडणी बरोबर असेल, तर निगेटिव्ह खांब आणि सुटी केबल यांच्यामध्ये १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब लावावा. या एका साध्या साधनावर माझा अजूनही मोठा विश्वास आहे. बल्ब क्षणभर चमकून विझला, तर कपॅसिटर भरले इतकेच. तो पेटलेलाच राहिला, तर कुठेतरी सतत करंट जात आहे. अशा वेळी फ्यूज एकेक करून काढावे. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, त्या सर्किटमध्ये दोष शोधावा. बाहेरून बसवलेले फॉग लॅम्प आणि ट्रॅकर यांच्या वायरी बऱ्याचदा फ्यूज बॉक्सला वळसा घालून थेट बॅटरीवर आणलेल्या असतात, म्हणून त्या वेगळ्या तपासाव्या लागतात.

एका टॅक्सीच्या बाबतीत सगळे फ्यूज काढूनही बल्ब पेटलेलाच होता. शिकाऊ मुलाने वायरिंग हार्नेस (वायरींचा बांधलेला जुडगा) उघडायची तयारी चालवली होती. मी त्याला दोन्ही केबल सोडवून अल्टरनेटरची जाड वायर काढायला, तिचे टोक रबराने झाकायला आणि पुन्हा बल्ब लावून बघायला सांगितले. बल्ब पेटला नाही, तेव्हा डायोड लीक असल्याचे स्पष्ट झाले. ही वायर नेहमीच्या लहान फ्यूजमधून जात नसल्याने फ्यूज काढून हा दोष सापडत नाही.

मोठा दोष दूर झाल्यावरच मल्टीमीटर १० अँपिअरच्या रेंजवर सिरीजमध्ये, म्हणजे बल्बच्याच जागी, लावावा आणि तो लावलेला असताना सेल्फ मारू नये. गाडीतील यंत्रणा झोपी जायला, म्हणजे अगदी कमी करंट घेणाऱ्या अवस्थेत जायला, कधीकधी अर्धा तासही लागतो, तेवढे थांबावे. त्यानंतर साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत प्रवाह असेल, तर निगेटिव्ह केबल एकाच हालचालीत पूर्ण खाली दाबून बसवावी आणि नट लगेच आवळावा. घड्याळ आणि पॉवर विंडोचे ऑटो सेटिंग पुन्हा करूनच गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यावी.